आत्याचं नाक

त्या फेलोशिपचं पूर्ण नाव एका दमात म्हणून दाखवणारा माणूस विद्यापीठात एकच होता, आणि तो तिचा संचालक होता. 'प्रायोगिक आंतरशाखीय संशोधनपद्धती प्रोत्साहन फेलोशिप.' बाकीचे सगळे तिला 'सरमिसळ' म्हणत. रसायनशास्त्र विभागात तर तिचं नाव निघालं की चहाचे कप खाली ठेवून हसायची पद्धत होती, आणि सगळ्यांत मोठ्याने हसायची ती ताई.

ताई ही विभागातली वासांची तज्ज्ञ. विद्यार्थी तिला मॅडम म्हणत, पण घरी ती सगळ्यांची ताई होती, तेव्हा आपणही ताईच म्हणू. भिंतीत ओल धरली की बुरशी वाढते, आणि ती डोळ्यांना दिसायच्या आधी तिचा वास हवेत सुटतो. तो वास यंत्राने पकडायचा, म्हणजे माणसं खोकायला लागायच्या आत खोली रिकामी करता येते. असं तिचं साधं, उपयोगाचं काम. आणि ज्याचं काम साधं आणि उपयोगाचं त्याला कुणी विचारत नाही, हा विद्यापीठाचा अलिखित नियम. तिचं यंत्र वर्षभर बंद पडून होतं. त्याच्यावर कुणीतरी झाडाची कुंडी आणून ठेवली होती.

"दुरुस्तीला पैसे नाहीत," विभागप्रमुख म्हणाले. "सरमिसळीला आहेत."

"सर, मी? त्या लोकांत?"

"अर्ज करा. यंत्राची दुरुस्ती त्यात बसवून टाका. फक्त दूरच्या शाखेतला एक जोडीदार लागतो. जितका दूरचा तितकं चांगलं."

दूरच्या शाखेतला माणूस ताईच्या घरातच होता. तिचा धाकटा भाऊ. एका जागी स्वस्थ बसला तर त्याला ताप येईल अशी सगळ्यांना लहानपणापासून खात्री होती, म्हणून त्याचं नाव पडलं भिंगरी. त्याने नाटक केलं, सोडलं. फोटो काढले, सोडले. मातीची भांडी केली, ती फुटली. आता तो 'सादरीकरण' करायचा. सादरीकरण म्हणजे नक्की काय रे, असं ताईने एकदा विचारलं होतं. "हे विचारलं की ते संपतं," तो म्हणाला होता, आणि जेवायला बसला होता.

परक्या शहाण्यापेक्षा घरचा वेडा बरा, असा ताईने विचार केला. निदान त्याच्यावर ओरडता तरी येतं.

मुलाखतीला संचालक स्वतः होते. त्यांना सगळे सेतुसाहेब म्हणत, कारण दर तिसऱ्या वाक्याला ते दोन शाखांमध्ये सेतू बांधत. मध्ये नदी आहे की नाही हे बघायची त्यांना कधी गरज वाटली नव्हती.

"तुमची पद्धत काय?" त्यांनी ताईला विचारलं.

"मोजणं," ताई म्हणाली.

सेतुसाहेबांचा चेहरा उतरला. समितीतल्या एका बाईंनी पेनाला टोपण लावलं. तेवढ्यात भिंगरी पुढे सरकून हळूच म्हणाला, "आम्ही वासाला विचारणार आहोत, की बाबा, तू कुणाचा?"

बाईंनी टोपण काढलं. फेलोशिप मिळाली.

यंत्र दुरुस्त झालं, कुंडी खिडकीत गेली, आणि ताईने दार लावून कामाला सुरुवात केली. विद्यापीठाच्या जुन्या इमारतींमधल्या खोल्याखोल्यांतून ती हवेचे नमुने आणायची, यंत्रात घालायची, आकडे लिहायची. भिंगरीने काय करायचं ते भिंगरीने बघावं. पण फेलोशिपची एक अट होती. आठवड्यातून एकदा सगळ्या फेलोंनी एका दालनात जमायचं. त्याला बैठक म्हणायचं नाही, 'सहवास' म्हणायचं.

सहवासाच्या दालनात खुर्च्या नव्हत्या. खुर्चीमुळे अधिकार निर्माण होतो असं सेतुसाहेबांचं मत होतं. ते स्वतः सगळ्यांत जाड गादीवर बसत. भिंतीवर रंगीत चिठ्ठ्या चिकटवलेल्या, त्यांवर एकेक शब्द: 'सीमा', 'गळती', 'कुजबुज'. एक गणितज्ञ लोकर विणत होते. एक इतिहासाच्या बाई जुन्या तहनाम्यांवर नाचणार होत्या, आणि कोणत्या कलमाला उजवा पाय टाकायचा यावर त्यांचं संशोधन अडलं होतं. ताईने पहिल्याच दिवशी विचारलं, "पण यातून कळणार काय?" तेव्हा सेतुसाहेब प्रेमाने हसले. "मॅडम, इथे आपण प्रश्न विचारत नाही. प्रश्नाच्या शेजारी बसतो."

ताई बसली. गुडघे दुखेपर्यंत बसली. घरी येऊन नवऱ्याला सगळी नक्कल करून दाखवली. नवरा पोट धरून हसला, आणि मग म्हणाला, "जपून. तू दर आठवड्याला जास्त चांगली करायला लागली आहेस."

पुढच्या सहवासाला ताई उशिरा पोचली. दालनात सगळे एका बाजूला दाटीवाटीने उभे, आणि भिंतीपाशी, डोळे मिटून, मान किंचित वर करून कोण उभं, तर तिची सख्खी आत्या. ठेवणीतले कपडे घातलेली, केस नीट बांधलेली.

"इथे," आत्या भिंतीवर हात ठेवून म्हणाली, "पूर्वी कागदाचे गठ्ठे असणार. आणि कागदांच्या मागे... थांबा... मेण. मेणाच्या मागे कुणीतरी खूप वर्षं एकटं बसलंय."

इतिहासाच्या बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. गणितज्ञांचा टाका सुटला. भिंगरी एका कोपऱ्यात उभा राहून आपल्या आत्याकडे असा बघत होता जसं काही तिला त्यानेच जन्माला घातलं.

आता ही आत्या कोण, ते सांगायला हवं. ती साबणाच्या कारखान्यात वास पारखायला होती. कागदाची पट्टी नाकाशी धरायची आणि सांगायचं, या घाण्यात गुलाब जास्त झालाय, त्या घाण्यातलं तेल जुनं आहे. कारखान्याचा मालक तिच्या होकाराशिवाय माल बाहेर सोडत नसे. घराण्यात कुणाचा आवाज होता, कुणाचं अक्षर होतं, आत्याचं नाक होतं. "आत्याच्या नाकाला विचारा" ही घरातली म्हणच होती. लग्न केलं नाही, कुणापुढे वाकली नाही, त्या नाकावर ताठ उभी राहिली. आणि निवृत्त झाल्यावर एका साध्या तापात ते नाक गेलं. म्हणजे चेहऱ्यावर होतं तिथेच होतं, पण वास म्हणून येईना. ताप उतरला, वास परतला नाही. हे तिने फक्त ताईला सांगितलं होतं, कारण ताईला यातलं शास्त्र कळत होतं. ताईने तिला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, वाट बघा. आत्याने वाट बघणंही हळूहळू सोडून दिलं होतं.

ताईने तिला दालनाबाहेर जिन्यापाशी गाठलं.

"आत्या, हे काय चाललंय?"

"काय म्हणजे? काम करतेय. भिंगऱ्याने बोलावलं."

"तुला वास येत नाही."

"हळू बोल की जरा!" आत्याने इकडेतिकडे पाहिलं. "येत नाही, पण आठवतो. त्यांना कुठे येतोय? माझ्या आधी ते लोकरवाले गृहस्थ भिंतीला नाक लावून म्हणाले, इथे निळा वास आहे. निळा! मी निदान मेण तरी म्हटलं."

ताईला हसू आलं. "आणि कुणीतरी एकटं बसलंय ते?"

"ते आपलं असंच सुचलं." आत्या जिन्याचा कठडा बोटाने पुसू लागली. "ताई, भिंगऱ्याला सांगू नकोस हं. किती दिवसांनी कुणीतरी मला काही विचारतंय."

ताईने सांगितलं नाही. खरं म्हणजे तिला मौजच वाटली. डोळे मिटून बसलेल्या त्या सगळ्या पंडितांना एक नाक नसलेली बाई नाकाने खेळवतेय, याहून चांगली नक्कल ती स्वतःही करू शकली नसती. शिवाय यंत्र चालू होतं. चालू यंत्र असलेल्या माणसाने फार नाक खुपसू नये, असं तिने स्वतःला समजावलं.

पण खेळ वाढत गेला. आत्या आता इमारतीइमारतीतून फिरू लागली. मागे भिंगरी ध्वनिमुद्रण करत, त्याच्या मागे सेतुसाहेब पाहुणे घेऊन. ताई जिथे नमुना घेई तिथेच आत्या वास घेई, आणि भिंगरी दोन्ही गोष्टी एका मोठ्या कागदावर शेजारीशेजारी लिही. वर मथळा: 'यंत्र आणि नाक: एक संवाद'. संवाद कसला, दोघांचं एका शब्दावर एकमत होईल तर शपथ.

अशीच वाचनालयाच्या खाली तळघरात एक खोली होती. ताईचं यंत्र तिथल्या हवेवर अक्षरशः किंचाळलं. भिंतीच्या गिलाव्यामागे बुरशीचं गावच्या गाव वसलं असणार. आत्याने त्याच खोलीत उभं राहून दीर्घ श्वास घेतला आणि म्हणाली, "किती शांत! स्वच्छ. सकाळी लवकर विहिरीपाशी बसल्यासारखं."

सेतुसाहेबांना ते वाक्य इतकं आवडलं की त्यांनी तिथल्या तिथे जाहीर करून टाकलं: या खोलीत आपण 'श्वासकक्ष' उभारू. शेजारच्या पाळणाघरातली मुलं रोज इथे बसतील, श्वास घेतील, चित्रं काढतील.

ताई धावत त्यांच्या दालनात गेली. "सर, त्या खोलीत मुलं बसवू नका. हे बघा आकडे."

सेतुसाहेबांनी आकडे हातात घेतले, कौतुकाने पाहिले आणि परत दिले. "यंत्राचा एक आवाज आहे. नाकाचा एक आवाज आहे. आपण कुठल्याच आवाजाला वरचढ ठरवत नाही."

"सर, बुरशीला आवाज नसतो. मुलांना खोकला होईल."

"तुमच्या बोलण्यात मला भीती ऐकू येते, मॅडम. त्या भीतीच्या शेजारी थोडं बसा."

ताईच्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या की ती दार आपटून बाहेर पडली. वर्षअखेरीची मोठी मांडणी आठवड्यावर आली होती. कुलगुरू येणार, बाहेरचे पाहुणे येणार. ठीक आहे, तिने मनाशी म्हटलं. सगळ्यांसमोर बोलते. यांचं सोंग एकदाचं चव्हाट्यावर आणते.

आठवडाभर ती मनातल्या मनात ती वाक्यं घोळवत होती. अंघोळ करताना, भाजी चिरताना. वाक्यं फार चांगली जमत होती. आत्याला आधी फोन करावा असं एकदा तिच्या मनात आलं, पण आत्या नको म्हणेल आणि मग पंचाईत होईल, म्हणून तिने तो विचार बाजूला सारला.

मांडणीच्या दिवशी सभागृहात मात्र खुर्च्या होत्या. कुलगुरूंना गादीवर बसवायची सेतुसाहेबांची छाती झाली नव्हती. आत्या पहिल्या रांगेत, कुलगुरूंपासून दोन जागा सोडून. भिंगरीने सुरेख बोलून घेतलं. शेवटी तो म्हणाला, "जिथे यंत्राला रोग दिसला, तिथे एका अनुभवी नाकाला शांतता दिसली. कुणाचं खरं? कदाचित दोघांचं."

"नाही," ताई म्हणाली आणि उठून उभी राहिली. "एकाचंच खरं. कारण दुसरीकडे नाकच नाही. माझ्या आत्याला गेली दोन वर्षं वास येत नाही. तापात गेला. गुलाब आणि गटार तिला सारखंच. तुम्ही वर्षभर ज्याला ज्ञान म्हणून टिपून घेत होता, ते एका बाईने आठवून, रचून, सुचेल तसं सांगितलेलं होतं. आणि त्याच्या भरवशावर तुम्ही लहान मुलांना बुरशीत बसवायला निघालाय."

ताईला वाटलं, झालं. आता बसा म्हणावं कशाच्याही शेजारी.

सेतुसाहेब सावकाश उठले. त्यांचे डोळे भरून आले होते.

"मित्रहो," ते म्हणाले, "मला शब्द सुचत नाहीत. नसलेलं नाक! आपण सगळे वर्षभर एका अभावाकडून शिकत होतो! याहून प्रायोगिक पद्धत कुठली? मॅडम, तुम्ही एवढं मोठं गुपित शेवटच्या क्षणापर्यंत राखून ठेवलंत. हीच खरी मांडणी."

आणि टाळ्या सुरू झाल्या. आधी इतिहासाच्या बाई, मग गणितज्ञ लोकर बाजूला ठेवून, मग पाहुणे. कुलगुरूंना काय झालं ते कळलं नव्हतं, पण सगळे वाजवतायत म्हणून त्यांनीही वाजवल्या. ताई ओरडत होती, "अहो, ती खोली! खोलीचं काय?" पण टाळ्यांत तिचा आवाज बुडून गेला.

त्या गोंधळात पहिल्या रांगेतली एक खुर्ची रिकामी झालेली तिला दिसली. आत्या भिंतीच्या कडेकडेने दाराकडे चालली होती, मान खाली घालून. आत्याने मान खाली घातलेली ताईने जन्मात पाहिली नव्हती. भिंगरी मंचावर तसाच उभा होता, तोंड उघडं ठेवून. मग त्याने माइक खाली टाकला आणि आत्याच्या मागे पळाला. जाता जाता ताईजवळ थांबला.

"तुला माहीत होतं?"

"दोन वर्षांपासून."

"मला का नाही सांगितलंस?"

आत्याने नको म्हटलं होतं, हे उत्तर आता कुणाला ऐकवण्यासारखं उरलं नव्हतं.

ती सभागृहातून थेट इमारत विभागात गेली. तिथे एक साहेब जेवणानंतरच्या जांभया देत बसले होते. त्यांच्यापुढे तिने आकडे टाकले. त्यांनी आकड्यांकडे पाहिलंही नाही.

"ओल आहे?"

"आहे. बुरशी आहे. मुलं बसवणार आहेत तिथे."

"मुलं? उद्या एखादं आजारी पडलं तर पालक माझ्या नावाने ओरडतील." त्यांनी खणातून कुलूप काढून शिपायाकडे फेकलं. "लावून ये. हे तुम्ही आधीच नाही का सांगायचं, मॅडम?"

ताई बाहेर येऊन व्हरांड्यातल्या बाकावर बसली. एवढंच करायचं होतं. एक जिना उतरून एका कंटाळलेल्या माणसाला दोन वाक्यं सांगायची होती. त्यासाठी सभागृह लागत नव्हतं, कुलगुरू लागत नव्हते, आणि आत्या तर मुळीच लागत नव्हती. पण तिला खोली बंद करायची नव्हती. तिला जिंकायचं होतं. सेतुसाहेबांचं नाक कापायला ती गेली आणि हाताशी आलं ते दुसरंच नाक.

सरमिसळीचं पुढे काय झालं? उत्तम झालं. तिला मुदतवाढ मिळाली. नवा विषय: 'अनुपस्थित इंद्रिय'. भिंगरीने मात्र सेतुसाहेबांच्या दालनात जाऊन अशा शिव्या घातल्या की शेजारच्या विभागातली माणसं दाराशी जमली. सेतुसाहेबांनी ध्वनिमुद्रण करायची परवानगी मागितली, तेव्हा तो त्यांच्या गाद्यांना लाथ मारून निघून गेला. सगळं सोडून देण्यातच त्याचा जन्म गेला होता, पण या वेळी सोडल्याबद्दल ताईला पहिल्यांदाच त्याचा अभिमान वाटला. तसं त्याला सांगायची सोय नव्हती. तो तिचा फोन उचलत नव्हता.

आत्याही उचलत नव्हती. शेवटी एका रविवारी ताई तिच्या घरी जाऊन दारात उभी राहिली. आत्याने दार उघडलं, तिला आत घेतलं, आणि कपडे आवरायचं आपलं काम पुन्हा सुरू केलं.

"आत्या, मी चुकले."

"बस."

"त्या मुलांसाठी मला..."

"मुलांसाठी बोललीस ते बरोबरच होतं," आत्या एक चादर झटकत म्हणाली. "मला काय माहीत तिथे बुरशी आहे? मला सांगितलं असतंस तर मीच म्हटलं असतं, इथे घाण वास आहे. चांगला जोरात म्हटलं असतं. त्यांनी खोली पाडली असती."

हे ताईच्या डोक्यातही आलं नव्हतं.

"तू त्यांना हसतेस," आत्या म्हणाली. "हस. हसण्यासारखेच आहेत. पण तू मलाही त्यांच्यात धरलंस. गुलाब आणि गटार म्हणे! ते वाक्य घरून पाठ करून आली होतीस ना?"

"हो," ताई म्हणाली.

"वाटलंच. फार घोटून बोललीस." आत्याने चादरीची घडी घातली. "बुधवारपासून मी परत जायला लागलेय तिथे."

"कुठे? सरमिसळीत?"

"सेतुसाहेब गाडी पाठवतात. आता वास यायचं सोंग नाही करावं लागत. मी सांगते, मला काहीही येत नाही, आणि ते लिहून घेतात. परवा मी म्हटलं, या गाद्या काढा, माझे पाय दुखतात. खुर्च्या आणल्या त्यांनी! लोकरवाले गृहस्थ बिचारे किती खूश झाले."

"आत्या, ते तुला वापरतात."

"आणि तुझं यंत्र?" आत्याने वर पाहिलं. "ते कुणाच्या जिवावर दुरुस्त झालं? उगाच नाकाने कांदे सोलू नकोस."

खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी सुरू करायचा प्रयत्न करत होतं, ती सुरू होत नव्हती. ताईला उठून जावंसं वाटत होतं, पण जा असं आत्या म्हणत नव्हती, आणि बस असंही पुन्हा म्हटलं नव्हतं.

मग आत्याने कपड्यांच्या ढिगातून एक लोकरीची शाल ओढून काढली, जरा वेळ हातात धरून ठेवली आणि ताईपुढे केली.

"ही धुवायला झालीय का, सांग. मला कळत नाही, आणि शेजारणीला विचारायची लाज वाटते."

ताईने शाल नाकाशी नेली.

"नीट घे," आत्या म्हणाली. "आणि नाक मुरडू नकोस."

"झालीय," ताई म्हणाली.

"मग टाक त्या बादलीत. आणि ही दुसरी बघ."